गोव्यातला होमस्टे आणि सोशल मीडिया: घरमालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गोव्यात पाहुण्यांना खोल्या देणारी घरं आता फक्त किनाऱ्यावर राहिलेली नाहीत. फोंडा, डिचोली, सत्तरी, केपे, सगळीकडे कुणी ना कुणी घराच्या दोन खोल्या नीट करून भाड्याने देतं. आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून. आपलं पेज सांभाळता सांभाळता ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांची पेजं बघायची वेळ आली आणि प्रश्न फिरून फिरून तेच येऊ लागले. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहोत.

आमचं घर समुद्रापासून लांब. इन्स्टाग्रामवर गोवा म्हणजे बीच. आमच्याकडे कोण बघणार?

बीचसाठी येणारे नाही बघणार. त्यांच्या मागे लागूही नका.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई इथून मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी करायला कुटुंबं वर्षभर येत असतात. कितीतरी जणांचं कुलदैवतच या तालुक्यात आहे. अभिषेकासाठी सकाळी लवकर देवळात पोचायचं तर आदल्या रात्री मुक्काम जवळ हवा. जत्रेच्या दिवसांत अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) जागा मिळत नाही, आणि म्हातारी माणसं बरोबर असली की जरा निवांत घर हवं असतं. हे तुमचे पाहुणे. जुनं गोवंही जवळ, मसाल्याच्या बागा जवळ.

मात्र बायोत, म्हणजे पेजवरच्या ओळखीत, ‘बीचजवळ’ लिहू नका. फोंड्याहून पणजीच तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात वाटेतली वाहनांची गर्दी. पाहुणा नकाशा बघतोच, आणि पहिल्याच ओळीत खोटं सापडलं की पुढचं काही वाचत नाही. ‘मंगेशीपासून गाडीने दहा मिनिटं, समुद्रापासून तासभर’ असं लिहिलंत तर ज्याला यायचं तो नेमका थांबतो.

सुरुवात कुठून करू? इन्स्टाग्राम, फेसबुक की यूट्यूब?

आधी व्हॉट्सॲप बिझनेस. ऐकायला निरस वाटेल, पण मराठी कुटुंबांत घर बहुतेक वेळा मुलगी किंवा सून इन्स्टाग्रामवर शोधते आणि ठरतं ते व्हॉट्सॲपवर, बाबांना फोटो पाठवून झाल्यावर. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात कॅटलॉगमध्ये खोल्या टाकता येतात, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, चौकशीवाल्यांना आणि ॲडव्हान्स दिलेल्यांना वेगवेगळी लेबलं लावता येतात. घरातल्या कुणीही फोन उचलला तरी कुठपर्यंत बोलणं झालंय ते कळतं.

मग इन्स्टाग्राम. फेसबुक पेज त्याला जोडून ठेवा म्हणजे एकच पोस्ट दोन्हीकडे जाते. पन्नाशीपुढचे बरेच पाहुणे अजून तिथेच असतात. यूट्यूबसाठी वेगळी मेहनत नको. घराचा एकच चार-पाच मिनिटांचा निवांत व्हिडिओ टाकून ठेवा, तो वर्षानुवर्षं शोधात येत राहतो.

गूगल नकाशावर नाव मात्र असलंच पाहिजे. इथे एक मेख आहे. मालक राहत असलेला, पाहुण्यांना भेटायला कुणीतरी हजर असलेला होमस्टे तिथे चालतो. नुसता भाड्याने द्यायचा रिकामा फ्लॅट किंवा सुट्टीचा बंगला गूगलच्या नियमांत बसत नाही आणि तक्रार झाली की प्रोफाइल उडू शकतं.

रीलमध्ये नेमकं काय दाखवायचं? सगळ्यांकडे तेच माड, तोच सूर्यास्त.

मग ते सोडा. सूर्यास्त बघून लोक लाइक करतात, पैसे भरत नाहीत. अनोळखी घरात बायकामुलं घेऊन राहायचं म्हटलं की माणसाच्या मनात दहा शंका असतात. त्यातली एकेक शंका मिटवणारा व्हिडिओ म्हणजे चांगली रील.

सांगलीच्या एका ताईंनी आम्हाला विचारलं होतं, ‘दादा, सासूबाईंचे गुडघे गेलेत. कमोड आहे ना? आणि पायऱ्या किती?’ आम्ही फोनचा कॅमेरा चालू केला आणि फाटकापासून चालत निघालो. चिऱ्याच्या तीन पायऱ्या, सोपो, डावीकडे खोली, तिथून न्हाणीघर. कमोड, शेजारी भिंतीला धरायला दांडा, खाली न घसरणारी फरशी. गिझर चालू करून नळाखाली हात धरला आणि वाफ दिसेपर्यंत कॅमेरा तसाच ठेवला. ना संगीत, ना मजकूर; मागे फक्त कोंबडा ओरडत होता. ताईंना तो व्हिडिओ पाठवला आणि मग त्यावर आपला आवाज देऊन रील म्हणूनही लावला. तुळशीवृंदावनापाशी पणती लावतानाची आमची सुंदर रील बघितली पुष्कळांनी, पण ही न्हाणीघराची लोकांनी सेव्ह केली आणि घरच्यांना पाठवली. अजूनही ‘तो बाथरूमचा व्हिडिओ बघून फोन केला’ असं सांगणारे भेटतात.

तसंच बाकीचं. रस्त्यावरून आत वळायची गल्ली मोठ्या गाडीला पुरते का, ते गाडीत बसून दाखवा. स्वयंपाक कोण करतं, शाकाहारी भांडी वेगळी आहेत का, हे विचारायला पाहुणे संकोचतात, म्हणून आपणच सांगा. मोबाइलला रेंज किती, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. कुळागराजवळ घर असेल तर डास असणारच. मच्छरदाणी लावलेली दाखवा, ‘डास नाहीत’ म्हणू नका.

त्यानंतर सौंदर्य. आणि तेही आपल्याच घरचं असावं: सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा, गरम उंडे (गोल पाव), पानात वाढलेलं खतखतं (मिसळ भाज्यांचं कालवण), राजांगणात (घराच्या मधल्या चौकात) कौलांवरून पडणारी पागोळी. ज्यांच्याकडे बाल्कांव (दारापुढची बाकांची ओटी) आहे त्यांनी तिथे ठेवलेल्या चहाच्या कपाची रील आजवर केली नसेल तर आश्चर्य आहे.

फोनवरच शूट केलं तर चालेल? ड्रोन लावू का?

फोन पुरेसा आहे. उभा धरा, लेन्स पुसा, सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर काढा. खोलीचे फोटो दार-खिडक्या उघडून, दिवे लावून. अगदी रुंद लेन्सने खोली मोठी दाखवण्याचा मोह टाळा. आल्या आल्या पाहुण्याचं तोंड पडतं ते बघवत नाही.

ड्रोनची कुळागरात गरजही नसते, वरून नुसत्या पोफळी दिसतात. तरी उडवायचाच असेल तर ड्रोन नियम २०२१ लागू आहेत, आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते आधी बघावं लागतं. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि पेडणे तालुक्यात मोपा विमानतळ, तेव्हा गोव्यात हा प्रश्न पुस्तकी नाही.

रीलला हिट गाणं लावलं तर जास्त चालते म्हणतात. खरं का?

चालतही असेल, पण बिझनेस खात्याला इन्स्टाग्राम बरीचशी सिनेमाची गाणी देतच नाही, आणि दुसरीकडून चिकटवलं तर आवाज बंद होऊ शकतो. पावसाचा, भजनाच्या तालमीचा, चुलीवर फोडणीचा आवाज तुमचा स्वतःचा आहे. तो वापरा.

मराठीत लिहू, हिंदीत की इंग्रजीत?

ज्यांनी यावं असं वाटतं त्यांच्या भाषेत. आमच्याकडे पहिल्या दोन ओळी मराठीत, खाली थोडक्यात इंग्रजी. कोंकणी शब्द खुशाल येऊ देत, पाहुण्यांना ते आवडतात. गावाचं आणि तालुक्याचं नाव मात्र दोन्ही लिप्यांत लिहा, कारण शोधणारे दोन्हींत शोधतात. हॅशटॅगची वीस-तीस शेपटं लावण्यात अर्थ नाही, तीन-चार नेमके पुरेत.

आणि प्रत्येक पोस्टला लोकेशन, प्रत्येक बुकिंगला नकाशावरचा पिन. नुसतं ‘फोंडा’ लिहून भागत नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना सिंधुदुर्गातला फोंडाघाट आधी आठवतो, आणि नकाशा कधीकधी तिकडेच घेऊन जातो.

भाडं उघड लिहावं की ‘किमतीसाठी मेसेज करा’?

उघड लिहा. ‘मेसेज करा’ म्हटलं की अर्धे लोक मेसेज करतच नाहीत आणि उरलेल्यांतले निम्मे फक्त भाव विचारून गप्प होतात. गोव्यात दर हंगामाप्रमाणे बदलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ‘पावसाळ्यात इतके, दिवाळी ते फेब्रुवारी इतके, नाताळ ते नवीन वर्ष इतके’ अशी एक पाटी करून पेजवर कायम दिसणाऱ्या हायलाइटमध्ये लावा. नाश्ता धरून की वेगळा, लहान मुलांचे किती, जादा गादीचे किती, तेही त्याच पाटीवर.

चौकश्या भरपूर येतात, बुकिंग होत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोन गोष्टी. उत्तर उशिरा जातं, आणि जातं ते अर्धवट.

माणूस एका बैठकीत पाच-सहा घरांना मेसेज टाकतो. जो आधी आणि नीट उत्तर देतो त्याच्याशी बोलणं पुढे सरकतं. ‘हो, आहे’ एवढंच लिहिलं की त्याने पुन्हा भाव विचारायचा, मग जेवण, मग पार्किंग. चौथ्या प्रश्नापर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो. आम्ही हे साठवून ठेवलेलं आहे, तारखा आणि आकडे तेवढे बदलतो:

‘नमस्कार. १४ ते १६ खोली मोकळी आहे. दोन मोठे, एक लहान: एका रात्रीचे इतके, नाश्ता धरून. जेवण आदल्या दिवशी सांगितलं तर करतो. शाकाहारी ताट इतके, मासळीचं इतके. गाडी अंगणात राहते. खोली तळमजल्यावर, कमोड आहे, गरम पाणी आहे. व्हिडिओ सोबत पाठवतोय. खोली धरायला निम्मी रक्कम. उद्या संध्याकाळपर्यंत आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्यात घाई नाही, पण मुदत आहे. आणि दिलेली मुदत पाळा, मध्येच कुणी जास्त पैसे देतो म्हणाला तरी.

कुणी ‘कमी नाही का होणार वहिनी?’ म्हणून घासाघीस केली तर पैसे कमी करण्यापेक्षा काहीतरी वाढवून द्या: एक वेळची सोलकढी-भाजी, मुलाची गादी फुकट, दुपारी उशिरा खोली सोडायची मुभा. एकदा दर पाडला की तो स्क्रीनशॉट नातेवाइकांत फिरतो.

येण्याजाण्याची माहितीही तयार ठेवा. रेल्वेने येणाऱ्याला मडगाव की करमळी सोयीचं, बेळगावकडून चोर्ला घाट की अनमोड घाट, गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, टॅक्सीसाठी गोवा माईल्सचं ॲप आहे. खासगी नंबरपाटीची गाडी भाड्याने मिळवून देऊ नका. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पोलिसांनी अडवलं तर सुट्टी पाहुण्याची जाते आणि नाव तुमचं.

पोस्टखाली ‘बूस्ट’चं (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण येतं. दाबू का?

जी पोस्ट आपोआप बरी चाललीय तिलाच, आणि तेही गावं निवडून. अख्खा भारत निवडलात तर पैसे कुठल्या कुठे जातील. कोल्हापूर, बेळगाव, पुणे एवढं पुरे. ‘प्रोफाइल बघा’पेक्षा थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात आपल्या कामाची. रोज दोन-तीनशे रुपये, चार-पाच दिवस, लांब सुट्टीच्या तीन-चार आठवडे आधी. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरा. चौकशी उचलायला घरात कुणी नसेल त्या आठवड्यात जाहिरात लावू नका.

इन्फ्लुएन्सर फुकट राहायचं विचारतात. हो म्हणू का?

डिसेंबरात विचारलं तर नाही.

एरवी एकच गोष्ट मागा: त्यांच्या खात्याच्या इनसाइट्समध्ये (आकडेवारीत) प्रेक्षक कुठल्या शहरांतले आहेत त्याचा स्क्रीनशॉट. लाखभर फॉलोअर आणि त्यांतले बहुतेक उत्तरेतले असतील तर देवदर्शनाच्या घराला त्यांचा काय उपयोग? कोल्हापूरची पाच हजार फॉलोअरवाली एखादी गृहिणी, जी खाण्यावर आणि सहलींवर बोलते आणि जिच्या पोस्टखाली बायका खरोखर प्रश्न विचारतात, ती शंभर पटीने बरी.

ठरलं तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: किती रात्री, किती माणसं, आठवड्यातले कुठले वार, किती रील, केव्हापर्यंत, आणि ते व्हिडिओ आपल्याला आपल्या पेजवर वापरता येतील की नाही. जेवण त्यात आहे की नाही तेही. दोघं येतो म्हणून सहा जण उतरलेले आम्ही पाहिलेत.

फुकट मुक्काम हासुद्धा मोबदलाच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांप्रमाणे तो उघड सांगावा लागतो, ठळकपणे आणि सोप्या शब्दांत. ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क भागीदारी’ असं रीलवर दिसलं पाहिजे, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि जाहिरातदार म्हणून तुम्हीही त्यात येता. म्हणून त्यांनी ‘खाजगी तरणतलाव’ वगैरे काही बोलून टाकलं तर कौतुकाने शेअर करू नका, काढायला लावा.

पावसाळ्यात पेज बंद ठेवावं का?

उलट, किनाऱ्यापासून लांबच्या घरांना पावसाळा हाच आपला हंगाम करता येतो. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, समुद्रात उतरायला मनाई असते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बीचवाल्यांकडे दाखवायला काही उरत नाही. आपल्याकडे ओलं कुळागर, कौलांवरचा पाऊस, आषाढी एकादशीनंतरचा माशेलचा चिखलकालो (चिखलात खेळायचा उत्सव), श्रावणात म्हार्दोळची जायांची (जाईच्या फुलांची) पूजा. या काळात ताज्या मासळीचं आश्वासन देऊ नका. सुकी मासळी, अळसांदे, तायकिळ्याची भाजी दाखवा. ती पुण्या-मुंबईत कुठे मिळते?

पोस्टची वेळ मात्र पुढची धरायची. पावसाळ्याच्या रील मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीच्या ऑगस्टात, त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला वाळवंटी नदीत नौका सुटतात त्याची दसऱ्याला. लोक ठरवतात तेव्हा दिसलं पाहिजे.

धबधब्यांचं तेवढं जपून. आडबाजूच्या धबधब्याचं लोकेशन टाकून गर्दी खेचू नका. पावसाळ्यात वन खातं बऱ्याचदा प्रवेश बंद करतं, आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दूधसागरला रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे. जुलै २०२३मध्ये तसं गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ देशभर फिरला. पाहुण्यांना आधीच सांगा.

चवथीला, म्हणजे गणपतीत, घर बंद ठेवणार असाल तर महिनाभर आधी पेजवर लिहून टाका. आम्ही माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचा) फोटो टाकतो आणि खाली ‘या दिवसांत घरचेच पाहुणे’. कुणी रागावत नाही.

सरकारी नोंदणी नसताना पेज चालवलं तर?

नोंदणी आधी, पेज नंतर. पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर गोव्याच्या १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावीच लागते. पेज म्हणजे तुम्ही स्वतःच जगाला पत्ता देणं. नंबर मिळाला की तो बायोत घाला, पाहुण्यांचाही विश्वास बसतो. प्रत्येकाचं ओळखपत्र घ्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. रात्री दहानंतर अंगणात स्पीकर नाही, हे घराच्या नियमांत लिहाच.

शेजाऱ्यांचं जुनं घर फार सुंदर आहे. रीलमध्ये घेतलं तर?

विचारून. पणजीत फोंतेनीयसमध्ये लोकांनी दारावर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत, पर्रातल्या माडांच्या रस्त्यावरच्या फोटोवाल्यांना गाव कंटाळलं. आपल्या पाहुण्यांमुळे वाड्यावर तीच वेळ आणू नये. देवळात गाभाऱ्याचं चित्रण नको. पाहुण्यांची मुलं दिसत असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नका.

कुणी वाईट रिव्ह्यू लिहिला तर?

एका दिवसात, चार ओळींत, न चिडता उत्तर द्या. पंखा आवाज करत होता म्हणाले असतील तर पंखा बदलून ‘बदलला’ असं लिहा. चांगल्या रिव्ह्यूसाठी सवलत देऊ करू नका, गूगलला ते चालत नाही. निघताना पाहुणे खूश असतील तर सरळ म्हणा, ‘दोन ओळी लिहा हं.’ लिहितात.

मग बुकिंग साइट सोडून द्यायच्या?

घाई नको. कमिशन साधारण पंधरा टक्के किंवा जास्त जातं हे खरं, पण नवखा पाहुणा तिथूनच येतो. एक करा, सगळ्या कॅलेंडरांत तारखा लगेच अडवा. व्हॉट्सॲपवर दिलेली खोली साइटवर मोकळी राहिली की एकाच रात्री दोन कुटुंबं दारात. आणि साइटवरून चौकशी करणाऱ्याला तिथेच ‘बाहेरून बुक करा’ असं सुचवू नका, बऱ्याच साइटच्या नियमांत ते बसत नाही. पुढच्या खेपेला तो तुमच्या नंबरवर आपणहून येईल.

फसवणुकीचं काय? आमच्या घराचे फोटो दुसऱ्याच पेजवर दिसले.

गोव्यातल्या बंगल्यांचे फोटो चोरून खोटी पेजं उघडायची, ॲडव्हान्स घ्यायचा आणि गायब व्हायचं, हा धंदा जोरात आहे. पाहुणा सामान घेऊन तुमच्या फाटकाशी उभा राहतो आणि खोली त्याच्या नावावर नसते. म्हणून बायोत एकच नंबर, एकच यूपीआय नाव, आणि ‘याव्यतिरिक्त कुठे पैसे पाठवू नका’ ही ओळ पिन करून ठेवा. कुणी शंका घेतली तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवा, राग मानू नका.

उलटा डावही आहे. ‘मी फौजी आहे, दहा खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. कुणी ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ म्हणाला तर मेसेजवर विसंबू नका, बँकेचं खातं उघडून बघा.

पैसे गेलेच तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. खोट्या पेजची तक्रार इन्स्टाग्रामवर करा, ओळखीच्यांनाही करायला सांगा, आणि पोलिसांच्या सायबर विभागाला लेखी द्या. तिथे फोटो तुमचेच असल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा घराच्या फोटोंच्या मूळ फाइल्स फोनमध्ये जागा करायच्या नादात पुसू नका.